शिवहारचे डोळे

शिरड शहापूर
ता. १२ फेब्रुवारी २००४

सौ. साधनास पुंजाजीचे आशीर्वाद.

तू, जावई आणि राजनंदिनी सुखात असाल. इकडे ठीक आहे. भागाबाईचे गुडघे दुखतात. शेळी व्याली, करडू धडधाकट आहे. थंडी अजून गेली नाही, लेकराला सकाळी कानटोपी घालत जा. मागचं पत्र पोचलं का? जबाब आला नाही म्हणून काळजी वाटते. सवड नसेल.

शिवहारचा पुतळा झाला. बाजाराच्या चौकात, पाराजवळ, जिथं तो गिटार घेऊन बसायचा. लग्नांत ऑर्केस्ट्रात नाचायची गाणी वाजवून यायचा आणि इथं स्वतःची दुःखाची गाणी म्हणायचा. हमाल पोतं खाली ठेवून ऐकायचे. ऑर्केस्ट्राचा टेम्पो उलटून तो गेला, तरी ते त्याला विसरले नाहीत. वर्गणी त्यांनीच केली.

मूर्तिकार गुलाबचंदनं फोटो बघून आधी डोळे मिटलेले केले होते. बराबर केले होते. गिटार हातात आली की तो डोळे मिटायचा, तुला ठाऊकच आहे. पण लोक म्हणाले, असा पुतळा अशुभ, मेल्यासारखा दिसतो. गावात देवसुद्धा डोळे बसवल्याशिवाय उभा करत नाहीत. आता उघडे डोळे कुठून आणायचे? एकाही फोटोत नाहीत. तुझ्या नि त्याच्या लग्नाच्या फोटोतही त्याची मान खालीच. शेवटी गुलाबचंद म्हणाला, "काका, तुमीच बसा समोर. बापाचे डोळे लेकरात उतरतातच."

मी बसलो.

रामजी हमाल म्हणाला, "पुंजाजी, जित्तेपणीच पुतळा झाला की तुमचा!" सगळे हसले. मीही हसलो.

मग भागाबाईला दाखवायला नेलं. ती बघत राहिली. म्हणाली, "हे तर तुमी हायत. माझं पोरगं कुठं हाय?"

तेव्हापासून ती बाजाराला मागच्या गल्लीनं जाते.

सोमवारी पडदा निघणार. नातीच्या हातून काढू, असं लोक म्हणत होते. मीच नाही म्हणालो. लांबचा प्रवास, धूळ, गर्दी. तुझं दुसरं लग्न मीच लावून दिलं. लेकरू जावयांना बाबा म्हणतं, ते बराबर आहे. तिच्या डोक्यात घोळ नको. तू येऊ नको.

फक्त एक. गुलाबचंद म्हणतो, सिमेंट उकरून डोळे पुन्हा करता येतील. राजनंदिनीचे डोळे हुबेहूब शिवहारचे होते. एक दिवस तिला आणलीस तर त्याला बघून करता येईल.

हे खोटं लिहिलं. गुलाबचंद त्याच्या गावी निघून गेला. पुतळा झाला तो झाला.

साधना, मला त्याचे डोळे आठवत नाहीत. आठवायला बसलो की चौकातले ते माझेच डोळे समोर येतात. आधी आठवत होते गं.

पडद्याला नको. नंतर ये, गर्दी पांगल्यावर. मी कोण ते तिला सांगू नको. मी करडू घेऊन बसेन. लेकरू करडाकडं बघेल, मी तिच्याकडं बघेन. तेवढंच. भागाबाईला आधी कळू देणार नाही. तुम्ही नाही आलात, तर वाट बघायची तकलीफ तिला तरी नको.

जबाब लिहू नको. रोज दुपारच्या बसला मी थांब्यावर असतो.

शिवहारचा बाप
पुंजाजी