मागच्या दारापासून कुंपणापर्यंत

१ मार्च, रविवार

यंदा लॉन मी बघणार! सकाळी चहाच्या वेळी जाहीर केलं. नवरोबांनी वर्तमानपत्रातून डोकंही वर काढलं नाही. "बघ की." एवढंच.

दरवर्षी हे काम बाबांचं – म्हणजे माझ्या सासऱ्यांचं. पण थंडीच्या तोंडाशी ते न्हाणीघरात पडले, खुब्याचं ऑपरेशन झालं, आणि तेव्हापासून पुढच्या खिडकीजवळची खुर्ची सुटली नाही. शेजारी वॉकर उभा असतो. त्याच्यावर टॉवेल वाळतो.

तर दंताळं घेऊन मागच्या अंगणात उतरले. थंडीत मेलेलं गवत ओढून काढायचं, म्हणजे खालच्या जिवंत गवताला हवा लागते. ऐकायला सोपं! कंबरेचा काटा ढिला झाला. पण मजा आली. वाळलेल्या थराखाली शेवाळ, शेवाळाखाली गांडुळं. लॅबमध्ये दिवसभर मी लोकांचं रक्त काचेवर पसरून बघते. उकरून बघायची खोड आहेच.

आणि मग तो पट्टा दिसला. मागच्या दारापासून निघून तिरका कुंपणापर्यंत गेलेला. गवताची काडी नाही, माती दगडासारखी. सासूबाई कपडे वाळत घालायला तिथून जायच्या, हे ठाऊक आहे. पण त्यांना जाऊन तीन वर्षं झाली, कपडे आता आत यंत्रात वाळतात, दोरीचा खांबही काढला. मग गवत का येत नाही?

नवरोबांना विचारलं. "जुनं आहे ते." हे काय उत्तर झालं!

४ मार्च

ताईंचा फोन. नवरोबांची थोरली बहीण. "बाबा खुर्चीतच बसून असतात, तुम्ही दोघंही दिवसभर बाहेर. एप्रिलमध्ये येऊन मी त्यांना घेऊन जाते. इथे लिफ्ट आहे, बाई आहे." चुकीचं काहीच बोलल्या नाहीत. तेच तर वाईट.

मला ते जायला नको आहेत. इथे लिहायला काय हरकत आहे? रोज संध्याकाळी चहा घेऊन मी त्यांच्यासमोर बसते आणि ते विचारतात, "आज कोणाचं रक्त?" मग मी नावं न घेता सांगते – सुई बघूनच आडवा झालेला पैलवान, तिसऱ्यांदा तपासणी करून घेणारी आणि प्रत्येक वेळी ठणठणीत निघणारी आजी. ते हसतात. नवऱ्याला यातलं अर्धंही ऐकवत नाही. बाबा गेले तर मी हे कोणाला सांगू?

त्यांना विचारलं, जायचंय का? "तुम्ही सगळे ठरवाल ते." चेहऱ्यावर काही नाही.

८ मार्च, रविवार

ताई येईपर्यंत लॉन हिरवंगार करायचं, असं मनाशी घेतलंय. घर नीट आहे, माणसं नीट आहेत, हे बघताक्षणी कळायला हवं. वेडेपणा आहे. असू दे.

पुस्तकात म्हटलंय, माती दबली असेल तर भोकं पाडून तिला श्वास घेऊ द्या. पट्ट्याजवळ बसून पाहते तर काय – कडेकडेने भोकं आहेतच! गोल, रुपयापेक्षा लहान, बोटभर खोल. पट्ट्याच्या उजव्या अंगाला एकामागोमाग एक, थेट कुंपणापर्यंत. कोणी केली? पक्ष्यांनी? पक्षी इतके शिस्तीचे कधीपासून झाले?

कुंपणाची एक फळी हलते आहे, हेही लक्षात आलं. नवरोबांना ठोकायला सांगितली. तेवढ्यात बाबा खुर्चीतून, मागे वळूनही न बघता म्हणाले, "राहू दे. मी बघतो." खुर्चीतून उठत नाहीत आणि फळी बघणार! नवरोबांनी हातोडी परत जागेवर ठेवली.

१० मार्च

नर्सरीवाल्याला भोकांचा फोटो दाखवला. त्याने फोन हातात फिरवला, डोळे बारीक केले. "हुमणी असेल. पांढरी अळी, मुळं खाते. म्हणून तर टक्कल पडलंय." मग उपाय सांगितला. साबणाचं पाणी ओतायचं, अळ्या आपोआप वर येतात.

ओतलं. बादलीभर! उकिडवी बसून वाट पाहिली. पाय बधिर झाले. एकही अळी नाही. एक गोगलगाय तेवढी नाराज होऊन निघून गेली.

११ मार्च

भोकातली चिमूटभर माती डबीत घालून लॅबमध्ये नेली. जेवणाच्या सुट्टीत भिंगाखाली धरली. अंडी नाहीत, कात नाही, काही नाही. फक्त माती. शेजारची मुलगी म्हणाली, "मॅडम, पेशंट कोण आहे?" मी म्हटलं, "आमचं अंगण."

बाबांना सगळा किस्सा सांगितला. नेहमीसारखे हसले नाहीत. चहा गार होईपर्यंत कपाकडे बघत बसले. "हुमणी, म्हणे," एवढंच पुटपुटले.

१५ मार्च, रविवार

आज मोठं काम. दात्यांच्या फावड्याने तो पट्टा खणला, ढेकळं फोडली, चाळलेली माती आणि कंपोस्ट घातलं, बी पसरलं, फळीने हलकंसं दाबलं, झारीने पाणी. चारी बाजूंनी दोरी बांधली. पुठ्ठ्यावर ठळक अक्षरांत लिहिलं – "बी पेरले आहे. कृपया चालू नये." बॉल शोधायला घुसणारी पोरं आणि फाटकाऐवजी अंगणातून येणारा पार्सलवाला, दोघांसाठी. पाटी थेट मागच्या दाराकडे तोंड करून लावली.

फाटकाशी हेडबाई भेटल्या. शेजारच्याच, शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या, एकट्या राहतात. त्यांच्या पुढच्या लॉनवर रस्त्याने जाणारे लोक थांबून बघतात – मखमल! मी उत्साहाने पट्ट्याचं सांगितलं. त्यांनी फाटकाची कडी उगीचच लावली, काढली. मग म्हणाल्या, "राहू दिला असता तरी चाललं असतं. सगळं सारखं हिरवं हवं, असं कुठे लिहिलंय?"

वा! स्वतः कात्रीने कडा कापायच्या आणि आम्हाला उपदेश. डोकं सणकलं. हसून "हो ना" म्हटलं आणि आत आले.

१९ मार्च

चिमण्या बी खातायत. पट्ट्यावर जुनी जाळी पसरली. चिमण्या आता जाळीवर बसून मला बघतात.

२४ मार्च

उगवलं!! अगदी केसासारखं बारीक, तिरक्या उन्हातच दिसतं. पोटावर झोपून पाहिलं. कपडे माखले, नवरोबा खिडकीतून ओरडले, "अगं, लोक काय म्हणतील!" म्हणू देत. इतक्या कडक मातीतून एवढंसं पातं येतं कसं?

बाबांना हात धरून दाखवायला न्यावंसं वाटलं. "मागच्या दारापर्यंत तरी चला ना." मान हलवली. "नको. दुखतं."

२९ मार्च, रविवार

पट्टा पोपटी झालाय. पहिली कापणी इतक्यात करायची नाही, आणि करायची तेव्हाही फक्त शेंडे. पातं नीट धारेचं हवं, नाहीतर कोवळं गवत मुळासकट उपटून येतं. यंत्राचं पातं धार लावायला दिलं.

बाबांचं मात्र बरं नाही. ऑपरेशननंतर पायाचे व्यायाम करून घ्यायला येते ती व्यायामवाली येऊन गेली. बाहेर येऊन हळूच म्हणाली, "मधे पायात बरीच ताकद आली होती, मला आश्चर्यच वाटत होतं. आता परत गेलीय. काही झालं का घरात?" काय झालं असणार? काहीच नाही झालं! जेवण कमी केलंय. आज "कोणाचं रक्त?" विचारलंच नाही. मी आपणहून सांगायला लागले तर डोळे मिटून घेतले.

ताई बरोबरच म्हणत असतील का? रात्री भांडी घासताना रडू आलं.

४ एप्रिल

हेडबाईंनी रस्त्यात थांबवलं. "तुमचे सासरे बरे आहेत ना?" मी म्हटलं, असतात आपले खुर्चीत. "हो, पण बरे आहेत ना?" दोनदा विचारलं. चौकशीची इतकी हौस!

६ एप्रिल

सुट्टी घेतली होती, दाताचं काम लवकर आटोपलं. दुपारी पट्ट्यापाशी उकिडवी बसले. सुरेख झालंय गवत. आणि एकदम डोक्यात आलं – नवीन भोकं कुठायत? दोरी बांधल्यापासून एकही नाही. मी औषध घातलं नव्हतं. साबणाने अळी मेली नव्हती, कारण अळीच नव्हती. मी फक्त दोरी बांधली आणि पाटी लावली.

हुमणीला पाटी वाचता येते का?

मागच्या पायरीला लागून थोडी माती खणायची राहिली होती. तिथे एक जुनं भोक शिल्लक आहे. गोल, स्वच्छ. मी आत गेले. दाराआड बाबांची जुनी काठी, पडायच्या आधीची. खालचं रबरी बूच कधीच हरवलंय, नुसती लोखंडी टोपी. टोपीत वाळलेली माती. काठी आणून भोकात उभी केली.

घट्ट बसली. जागची हलेना.

पायरीवरच बसून राहिले. म्हणजे आम्ही दोघं कामाला गेल्यावर हा माणूस रोज उठत होता! वॉकर नाही, टॉवेल नाही – काठी घेऊन, कुंपणापर्यंत. थंडी सरली तेव्हापासून. आणि मी? मी दोरी बांधली. त्यांच्या दाराकडे तोंड करून पाटी लावली!

७ एप्रिल

विचारलं. चहा पुढे ठेवला, काठी त्यांच्या खुर्चीला टेकवून ठेवली आणि समोर बसले. बाबांनी काठीच्या मुठीवरून अंगठा फिरवला.

"व्यायामवाली टाळ्या वाजवते," म्हणाले. "चार पावलं टाकली की टाळ्या. मी काय बाळ आहे?"

मग आम्हाला का नाही सांगितलं? "सांगितलं असतं तर तुम्ही सोबत चालला असतात."

अहो, मग दोरीच्या बाजूने जायचं! अख्खं अंगण पडलं होतं! "कडेचा उतार आहे, तोल जातो. तेवढाच सपाट आहे." मग थांबून – "आणि तू पेरलं होतंस. पाटी लिहिली होतीस."

मला हसावं की रडावं कळेना. दोन्ही केलं. कुंपणापर्यंतच का जायचात, विचारलं. "कुठेतरी थांबावं लागतंच ना. तिथे टेकता येतं."

ताई एकोणीसला येणार. तेव्हा चालून दाखवाल? "बघू. पाय लाकडासारखे झालेत." आणि मग, अगदी हळू – "मला जायचं नाही तिकडे." पहिल्यांदाच बोलले. आधी का नाही बोललात म्हणून भांडणार होते. नाही भांडले.

८ एप्रिल

दोरी काढली. पाटी चुलीत – म्हणजे कचऱ्यात. कबूल केलंय की कोणी बघणार नाही, कोणी सोबत येणार नाही, नवऱ्याला काही कळणार नाही.

१० एप्रिल

संध्याकाळी भोकं शोधली. पायरीपासून निघून पट्ट्याच्या अर्ध्यातच संपतात. तिथून परत. अर्धाच! पूर्वी कुंपण गाठत होते. माझ्या हौसेने केवढं नुकसान केलं.

१४ एप्रिल

फळीच्या जरासं अलीकडे. माझं कोवळं गवत चपलांखाली चिरडतंय आणि मी अशी खूश की विचारू नका! नवरोबा: "अगं, तुझं गवत कोणीतरी तुडवलंय." मी: "हुमणी असेल."

१७ एप्रिल

फळीपर्यंत!

आज चहाला विचारलं, "कोणाचं रक्त?" मी तासभर बोलत सुटले.

१९ एप्रिल, रविवार

ताई आल्या. रिकामी बॅग घेऊन, बाबांच्या कपड्यांसाठी. जेवणं झाली. मी इतकी घाबरले होते की आमटीत मीठ दोनदा पडलं. 

ताईंनी कपाट उघडलं तसे बाबा उठले. वॉकरवरचा टॉवेल घडी करून खुर्चीवर ठेवला, काठी घेतली. "ताई, जरा मागच्या दारात उभी राहा." स्वयंपाकघरातून, दारातून, पायरीवर थबकले – माझा जीव वर – मग उतरले. पट्ट्यावरून सावकाश कुंपणापर्यंत. फळीला हात टेकवून जरा थांबले. परत आले.

ताईंचे दोन्ही हात वर आले होते. "टाळ्या नको," बाबा म्हणाले. ताईंनी हात तोंडावर ठेवले आणि रडायला लागल्या. नवरोबा तर खांबासारखे उभे. "मला कोणीच काही का सांगितलं नाही?" दोघा भावंडांनी एकदमच विचारलं.

बॅग रिकामीच परत गेली. जाताना ताईंनी मला घट्ट धरलं. "लॉन छान केलंस गं," म्हणाल्या. "मधला तेवढा पट्टा गेलाय बघ. बी टाक."

टाकते म्हटलं. अजिबात टाकणार नाही.

२३ एप्रिल

लॉनची पहिली कापणी. कुंपणापाशी यंत्र वळवताना त्या हलत्या फळीला धक्का लागला आणि ती दारासारखी बाजूला सरली. वरच्या खिळ्याला कोणीतरी तेल घालून ठेवलंय.

पलीकडे हेडबाईंचं मागचं लॉन. तीच मखमल. आणि त्यात, त्यांच्या मागच्या दारापासून थेट या फळीपर्यंत, टक्कल पडलेला एक पट्टा. ना दोरी, ना बी.

फळी होती तशी लावली. संध्याकाळी चहा ठेवला आणि त्यांनी तोंड उघडायच्या आत म्हटलं, "आज तुम्ही सांगा, बाबा."