म्हसूवर घेतलेला आळ

मी, मुकुंद रघुनाथ देवस्थळी, वय वर्षे ७२, राहणार कोळवण, तालुका मुळशी, जिल्हा पुणे, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. नाक शाबूत नाही. त्याबद्दल पुढे लिहिले आहे. यापूर्वी केलेली सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत.

१. महाळुंग्याचा फ्लॅट, बँकेतील ठेवी आणि कोळवणचे फार्महाऊस माझा मुलगा अनिमेष याला मिळावे. फार्महाऊस त्याने विकले तरी माझी हरकत नाही. कलम २ मधील जमीन मात्र त्यातून वगळली आहे.

२. ओढ्याकडची अकरा गुंठे जमीन म्हसू धोंडिबा कोकरे यांना मिळावी. कारण सविस्तर लिहितो.

मी तीस वर्षे मद्याच्या कारखान्यात ब्लेंडर होतो. वास घेऊन पिंप पास-नापास करणे हे माझे काम. निवृत्तीनंतर पुण्याचे सहा-सात शौकीन दर महिन्याला माझ्याकडे सिंगल माल्ट व्हिस्की चाखायला जमत आणि माझा शब्द अखेरचा मानत. म्हसू घराची देखभाल करीत. ते कधीच प्यायले नाहीत, पण मी ग्लास पुढे केला की हुंगत. शेरी वाइनच्या पिंपात मुरलेली स्कॉच पहिल्यांदा हुंगली तेव्हा म्हणाले, "साहेब, ह्याला बाळंतिणीच्या लाडवाचा वास हाय. खारीक, डिंक, तूप." मी वहीत मनुका, अंजीर, अक्रोड असे लिहिले होते. त्यांचे वर्णन जास्त अचूक होते. हे मी त्यांना कधी सांगितले नाही.

२०२१ साली मला मोठा ताप आला. त्यानंतर जेवण बेचव लागे. अशक्तपणा आहे, अशी मी स्वतःची समजूत घातली. फेब्रुवारी २०२२ मध्ये अठरा वर्षे मुरलेली, शेरीच्या पिंपातली बाटली चाखायला ठेवली होती. ग्लास नाकाशी नेला, काहीच नाही. दोन थेंब पाणी घालून पुन्हा हुंगले, नुसती जळजळ. सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, "हिच्यात पाणी घातलंय कुणीतरी."

माझे मित्र हैबतराव नुकतेच "वा, झकास!" म्हणाले होते. त्यांनी पुन्हा घोट घेतला आणि म्हणाले, "हो हो, पातळच लागतेय." मग सगळ्यांनाच ती पातळ लागली. बाटल्यांच्या कपाटाची किल्ली कोणाकडे असते, असे कोणीतरी विचारले. म्हसू शेंगदाण्यांची ताटली घेऊन दारातच उभे होते.

"साहेब, म्या झाकन बी उगडलं न्हाई," ते म्हणाले. "नीट वास घ्या की."

त्या वाक्याने मी चवताळलो. दुसऱ्या दिवशी त्यांना कामावरून काढले. पुढे कोळवणातल्या एकाही फार्महाऊसवाल्याने त्यांच्या हाती किल्ली दिली नाही. ज्या माणसाने थेंब घेतला नाही, त्याला गाव दारुडा म्हणू लागले. ते पिरंगुटला माल चढवायच्या कामावर गेले. तिथेच त्यांची पाठ गेली.

तीन महिन्यांनी डॉक्टरांनी सांगितले की माझी वासाची शक्ती गेली आहे, परत येणार नाही. त्याच संध्याकाळी मी म्हसूंच्या घरी जायला हवे होते. गेलो नाही. उलट आणखी दोन वर्षे रंग बघून, जुन्या वह्या पाठ करून मी परीक्षणे करत राहिलो. लोक माना डोलावत.

३. चाखण्याचे सहा ग्लास हैबतरावांना द्यावेत. त्यांची जीभ त्या दिवशी बरोबर होती. यापुढे त्यांनी ती कोणासाठी बदलू नये.

४. कलम २ माझ्या मृत्यूनंतर गावात वाचून दाखवावे, असे मी आधी लिहिले होते. तो मसुदा घेऊन मागच्या महिन्यात म्हसूंकडे गेलो. त्यांनी सगळे ऐकून घेतले.

"मेल्यावर कुनाला ऐकवताय? जित्तेपनी सांगा. आन जमीन घेईन म्या, पर दान म्हनून लिवू नका."

म्हणून लिहितो, ही जमीन दान नव्हे, बक्षीस नव्हे, नुकसानभरपाई आहे. अनिमेषने तिच्यावर हक्क सांगू नये.

दिनांक २ नोव्हेंबर, रविवारी, देवळासमोर गाव आणि पुण्याची मित्रमंडळी यांच्यापुढे मी कलम २ स्वतः वाचले. वाचून झाल्यावर म्हसू घराकडे निघाले. त्यांच्या पत्नी सुंदराबाई मात्र थांबल्या.

"समदं खरं वाचलंत," त्या म्हणाल्या. "पर डाक्टरनं सांगितलं तवा का न्हाई आलात?"

मला लाज वाटत होती, एवढेच खरे उत्तर होते. तेही मला देता आले नाही. ते इथे लिहून ठेवतो; अनिमेषने त्यांना वाचून दाखवावे.

ठिकाण : कोळवण
दिनांक : ६ नोव्हेंबर २०२५

लिहून देणार : (सही) मुकुंद रघुनाथ देवस्थळी

आमच्या समक्ष त्यांनी सही केली आणि त्यांच्या समक्ष आम्ही केली :
१. (सही) डॉ. किमया सुधीर गोखले, पौड
२. (सही) कैलास बहिरू साठे, कोळवण