बुंदीकडे आलेली पाहुणी

॥ श्री ॥
दिघी, ९ नोव्हेंबर १९५९

चि. विसूस अनुताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

बोटीवरच्या सदाने तुझी करंडी सुखरूप आणून दिली. बाजारात दिसली म्हणून सशी घेतलीस आणि न विचारता पाठवलीस, हे धाडस तूच करू जाणे! माझी गोदू लग्न होऊन म्हसळ्याला गेल्यापासून तिची सशी बुंदी धड खात नाही, एवढंच मी लिहिलं होतं. सोबत कुठे मागितली होती?

असो. पांढरी शुभ्र, लाल डोळ्यांची ही पाहुणी मी सरळ बुंदीच्या खुराड्यात सोडली. पाच वर्षांची, दिवसभर लोळणारी आमची बुंदी अशी झेपावली की परसभर केस उडाले. सोडवताना माझ्या मनगटावर ओरखडा आला. आता एक खुराड्यात आणि एक न्हाणीघरात आहे. दोघी पाय आपटत असतात आणि मी मध्ये येरझारा घालते. शाळेत फळ्यावर लिहितानाही कान घराकडे. काय करू ते उलट टपाली लिही.

तुझ्यावर रागावलेली, तरी तुझीच,
अनुताई

मुंबई, १२ नोव्हेंबर

ती. ताईस विसूचा शि. सा. न. वि. वि.

चूक माझीच, आधी लिहायला हवं होतं. नवीला जुनीच्या जागेत कधी सोडू नये. मध्ये जाळी बांध, म्हणजे दोघी दिसतील पण चावणार नाहीत. रोज हिचं गवत तिच्याकडे आणि तिचं हिच्याकडे टाक, वास ओळखीचा होऊ दे. मग दोघींपैकी कुणाचीच नाही अशा जागी सोड. थोडं हुसकावलं तर मध्ये पडू नकोस. उचलताना कान धरू नकोस. एक हात छातीखाली, एक मागे. तसं धरलं की तिचं काळीज किती जोरात चालतं ते हाताला कळतं.

ताई, एवढं ऐक. काही झालं तरी तिला परत पाठवू नकोस.

मायेत कमी करू नकोस, ही विनंती.
विसू

दिघी, १६ नोव्हेंबर

चि. विसूस आशीर्वाद. वि. वि.

तू सांगितलंस ते सगळं केलं. शेजारच्या अंबाजीने होडीतलं जुनं जाळं आणून मध्ये बांधलं. गवत बदललं. काल रविवार, शाळेच्या रिकाम्या पटांगणात दोघींना सोडलं. घटकाभर चरल्या. मला वाटलं, जमलं. तेवढ्यात पाहुणीने बुंदीचा कान फाडला. हळद भरली आहे, पण जखम चिघळेल असं वाटतं. गोदूला काय कळवू? ती जाताना बुंदीला माझ्या ओटीत ठेवून गेली होती.

आणि विसू, पाहुणीवर उडालेलं बुंदीचं रक्त पुसताना तिच्या कानात आत निळा आकडा गोंदलेला दिसला. ३१७. बाजारातल्या सशाला कोणी आकडा घालतं? तू तर लिहीत आलास की प्रयोगशाळेच्या कचेरीत टेबलाशी बसतोस. टेबलाशी बसणाऱ्याला सशाचं काळीज कुठून कळलं? खरं काय ते लिही. शनिवारी बुंदीला मुरुडच्या गुरांच्या डॉक्टरकडे नेणार आहे. वाटेत आगरदांड्याला पाहुणीला सदाच्या हवाली करीन.

अनुताई

मुंबई, १८ नोव्हेंबर

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून बसवेना. लिहितानाही दोनदा उठलो.

टेबल पहिलं वर्षभरच होतं. सहा वर्षं मी जनावरांच्या शेडमध्ये आहे. खाणं घालतो, पिंजरे धुतो आणि डॉक्टर सुई टोचतात तेव्हा ससे धरून ठेवतो. त्यातून माणसांची औषधं होतात, हे मला कळतं. काम वाईट म्हणत नाही. पण ही सशी मी पिंजऱ्याशी गेलो की हाताला नाक लावायची. सोमवारी प्रयोगाला तिची पाळी होती. तुझं गोदूच्या बुंदीचं पत्र खिशात होतं. शनिवारी मी वहीत ३१७ पुढे ‘मेली’ असं लिहिलं आणि तिला करंडीत घालून सदाकडे दिली.

परत आली तर तिला तिथेच जावं लागेल आणि मलाही जाब द्यावा लागेल. तू पोरींना खरं बोलायला शिकवतेस. तुझ्यापुढे काय तोंड दाखवू?

तुझा अपराधी,
विसू

दिघी, २२ नोव्हेंबर

चि. विसूस अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र शुक्रवारी मिळालं. तरी शनिवारी मी निघालेच. चोरीचं जनावर घरात नको, असं मनाने घेतलं होतं.

दोन करंड्या घेऊन होडीत चढले. चढताना पाहुणीच्या करंडीचा तळच निसटला. ती पाण्यात जायची, पण अंबाजीने वरच्या वर झेलली आणि म्हणाला की बाय, दुसरी करंडी न्हाय, घाल दोगींना एकातच. मी नको नको म्हणत असताना त्याने घातलीही. वारा सुटला होता. खाडीच्या मध्यावर होडी अशी हेलकावत होती की मीच डोळे मिटून घेतले. करंडीतून आवाज नाही. एकीने दुसरीला मारून टाकलं, या धास्तीने झाकण उघडायचं धैर्य होईना.

आगरदांड्याच्या धक्क्यावर सदा हात पुढे करून उभा. मी झाकण उघडलं. दोघी एकमेकींत घुसून थरथरत होत्या आणि बुंदी, तो फाटका कान घेऊन, पाहुणीचं कपाळ चाटत होती. सदाला म्हटलं, तू जा बाबा.

डॉक्टरने कान शिवला. येतानाही एकच करंडी. घरी आल्यावर बुंदीने पाल्याची पहिली जुडी संपवली, दुसरी पाहुणीने तिच्या तोंडातून ओढली. आज सकाळी पुन्हा थोडी झटापट झाली, पण केस उडाले नाहीत.

पाहुणी राहील. पण विसू, ती माझ्या परसात उड्या मारते आहे. तुझ्या वहीत ती मेली असं लिहिलेलं मला चालणार नाही. साहेबांकडे जा.

तुझी, अनुताई

मुंबई, १ डिसेंबर

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

चार दिवस मोठ्या डॉक्टरांच्या दारापर्यंत जाऊन परत फिरलो. पाचव्या दिवशी आत गेलो आणि वही समोर ठेवली. सगळं सांगितलं. ते इतके ओरडले की बाहेर शिपायालाही ऐकू गेलं. खोट्या एका नोंदीने बाकीच्या किती नोंदींवरचा विश्वास उडतो, ते त्यांनी मला समजावलं, आणि ते बरोबरच होतं. मग विचारलं की ती सशी आता कुठे आहे. मी म्हटलं, खाडीपलीकडे, बहिणीकडे, आणि एकटी नाही. त्यांनी माझ्याच हाताने ‘मेली’ खोडायला लावलं आणि पुढे ‘नेली’ लिहून सही करायला लावली.

नोकरी राहिली. शेडमधून मात्र काढून भांडारात टाकलं आहे. शिक्षा म्हणून. दिवसभर काचेच्या बाटल्या मोजून फडताळात लावतो. अजून सवयीने प्रत्येक बाटली दोन्ही हातांनी, खालून आधार देऊन उचलतो. बरोबरचे हसतात. हसू देत. बाटल्या थरथरत नाहीत, ताई.

माझ्यावरचा लोभ आटला नसेल, तर दोन ओळी लिही.
विसू