शपथेतली एक ओळ

४ मे
आमचं मंडळ देव न मानणाऱ्यांचं. लग्नाला भटजी नाही, अक्षता नाहीत. पोरगा-पोरगी शपथ वाचतात, झालं. ती शपथ हिरालालभाऊनं लिहिली, मंडळ काढलं तेव्हा. आता त्याच्याच पोराशी, निखिलशी माझ्या स्वातीचं लग्न, पंधरवड्यावर. अन् स्वाती म्हणते, "बाबा, 'वडीलधाऱ्यांच्या शब्दाबाहेर जाणार नाही' हे मी म्हणणार नाही." बरोबर बोलते पोरगी. निखिललाही मान्य. ओळ खोडली. एवढंसं तर काम.

६ मे
हि.भाऊ घरी आला. पाणीसुद्धा घेतलं नाही. "मूळ शपथेले हात लावाचा नाही म्हणजे नाही!" म्हटलं, अरे, वहीतली ओळ आहे, काळ्या दगडावरची रेघ थोडीच? तर म्हणतो, "ठराव कोणाचा होता, गुरुजी? आठवा."
आठवलं. माझाच. एका लग्नात कोणीतरी शपथेत 'ईश्वरसाक्षीने' घुसडलं होतं. तेव्हा मीच तावातावानं ठराव मांडला, एक अक्षर बदलायचं नाही. टाळ्याही घेतल्या. कपाळ माझं.

९ मे
मंडळाची बैठक. तेंदूपत्ता तोडायला निम्मे जंगलात, तरी दोन तास कल्ला. कोणी स्वातीला फुटीर म्हणालं, कोणी हि.भाऊला 'पुजारी'. त्याला ते फार लागलं, उठून गेला. निर्णय नाहीच. डोकं दुखून राहिलं.
घरी बायको, शकुन म्हणाली, "देव होता तवा बरं होतं. भांडण त्याच्या नावावर तरी खपत होतं. आता कायले भांडून राहिले तुम्ही?" जेवलो नाही.

१३ मे
स्वातीला विचारलं, एक ओळ वाचून टाकशील का गं, माझ्यासाठी? विचारताना लाज वाटली.
"खोटं बोलायचं नाही म्हणूनच पूजा सोडली ना तुम्ही?"


१७ मे
उद्या लग्न. हि.भाऊचा निरोप निखिलच घेऊन आला, "पोरगा पाठवून राहिलो. मी येणार नाही." पोराचे डोळे लाल.
शिवरात्रीला नागऱ्याला महादेवाच्या दर्शनाला जाणं सोडलं, तेव्हा सख्ख्या भावांनी माझ्याशी बोलणं टाकलं. त्या साली पोळ्याला माझ्या दारी एकटा हि.भाऊ आला होता.
शकुन म्हणते, जाऊन हात जोडा. जोडतो ना. पण ओळ परत घालतो असं सांगता येत नाही, अन् त्याशिवाय तो दार उघडेल का, ठाऊक नाही. चपला घालून अर्धा तास झाला. ओट्यावरच बसून आहे.