सम्यकला कागलला नेतेय

प्रीती,

सम्यकला घेऊन मी कागलला तुझ्या नणंदेकडं चाललेय. रविवारी तुझी एमसीएची सीईटी झाली की परत येते. पोराची काळजी करू नकोस.

काल तो मांडीवर रडत हुता, तरी एका हातानं त्याला थोपटत तू त्या अवघड गणितांचा अख्खा सराव पेपर सोडवलास. मी दारातनं बघत हुते. एवढी जिद्द मी कुणात बघितली न्हाय बघ.

आमटी केलीय, भात तेवढा लाव.

सकाळी अतुल म्हणाला, "ही कॉलेजला गेली तर पोराला कोण सांभाळणार?"

म्हटलं, "तुला जिनं सांभाळलं, ती!"

आता रविवारी गाडीवरनं तोच तुला परीक्षेला सोडणार हाय.

तुझी सासू,
आक्काताई