सातच्या हाकेला उत्तर देण्याबाबत

त्या मंगळवारी सकाळी साडेसहाला मी चार चादरी बादलीत बुडवल्या. मळलेल्या नव्हत्या. आदल्याच दिवशी वाळवून घडी केल्या होत्या. तरी बुडवल्या, न पिळता उचलल्या, गॅलरीतल्या दोरीवर एकीशेजारी एक टाकल्या आणि कडा सारख्या केल्या. खालच्यांच्या गॅलरीत पाणी ठिबकू नये म्हणून जमिनीवर जुनं पोतं पसरलं. मग चहा ठेवला, यांची उशी उंच केली, तोंड पुसून दिलं, गोळ्या दिल्या आणि रेडिओचा माइक हातात दिला. सातला पाच मिनिटं कमी होती. एकही काम मागे राहिलं नव्हतं.

वकील म्हणाले, "बाई, मृत्युपत्र असं सुरू होत नाही. आधी वय, धंदा, शुद्धीत असल्याचं लिहा." तेही लिहिते.

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, धंदा शिवणकाम, शिक्षण सहावीपर्यंत शाळेत आणि पुढचं वाचनालयात, असं लिहून ठेवते की माझं डोकं ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. गुडघे ठिकाणावर नाहीत, पण सही करायला गुडघे लागत नाहीत. मला कोणी भरीस घातलेलं नाही. यापूर्वी मी मृत्युपत्र केलं नव्हतं. पाच वर्षांपूर्वी केलं असतं तर त्यात घरापुढे दुसरं नाव असतं.

कलम १. मी गेल्यावर जी पहिली सकाळ उजाडेल, त्या सकाळी सात वाजता माझ्या सुनेने रेडिओ लावावा आणि बंदरवाल्यांना मी गेल्याचं सांगावं. नातेवाइकांना त्यानंतर कळवलं तरी चालेल. नातेवाईक वाट बघत बसलेले नसतात.

बंदरवाले म्हणजे माझ्या यजमानांचे हवेतले मित्र. बंदरावर क्रेन चालवायचे, म्हणून हे नाव. वय आता ब्याऐंशी, एकटे राहतात. यजमान टेलिफोन खात्यात तंत्रज्ञ होते आणि हॅम रेडिओचा, म्हणजे हौसेने घरून हवेत बोलायचा, परवाना बाळगून होते. दोघं एकोणीस वर्षं रोज सकाळी सातला बोलले आणि एकदाही भेटले नाहीत. एकमेकांचा फोन नंबरही घेतला नाही. फोनवर बोलणं यांना बाटल्यासारखं वाटायचं. आता त्या वेळेला मी बोलते. माझ्या पश्चात त्या माणसाने हाक मारली आणि कोणीच उत्तर दिलं नाही, असं एकाही दिवशी होऊ नये. हे मृत्युपत्र त्यासाठी आहे. घर, मशीन, भांडी ही त्याच्या मागून आलेली आहेत.

कलम २. तिसऱ्या मजल्यावरचं, माझ्या नावावर असलेलं दोन खोल्यांचं घर मी माझ्या सुनेला देते. मुलाला देत नाही. मला मुलगा एकच आहे आणि तो हयात आहे, म्हणून वाचणाऱ्याचा गैरसमज व्हायला नको.

अट एवढीच, की बंदरवाले हाक मारत आहेत तोवर गॅलरीतली रेडिओची तार काढायची नाही. ते थांबले की सुनेने वाटेल ते करावं, विकावं, भाड्याने द्यावं. त्याआधी कोणी तार काढली, तर घर विकून सगळी रक्कम वाचनालयाला द्यावी. वाचनालयाला छताची गरज आहे आणि ते कोणाच्या दबावाखाली येत नाही.

सून का, हे मुलगा विचारील. तिने मला खरं सांगितलं म्हणून. मात्र तिलाही लिहून ठेवते. बाई, तुला पहिल्या दिवसापासून माहीत होतं आणि तू सांगितलंस ते सगळं संपल्यावर. पहिल्या दिवशी सांगितलं असतंस तर मी तुला मुलगी म्हटलं असतं. उशिरा सांगितलंस, म्हणून सून म्हणते. पण सांगितलंस, म्हणून घर देते.

दर मंगळवारी आणि शनिवारी ती माझ्याकडे शिवण शिकायला येते, असं मुलगा समजतो. तिला अजून बटण लावता येत नाही. ती रेडिओच्या परवान्याच्या परीक्षेचा अभ्यास करत होती आणि गेल्या वर्षी पास झाली. परवाना माझ्या कपाटात, पातळ कागदाच्या मापांखाली आहे.

कलम ३. घराबरोबर आवारातली गाडी लावायची जागाही सुनेला जाते. मुलगा दोन गल्ल्या सोडून राहतो आणि चार वर्षं तिथे गाडी लावतो. यापुढे बायकोला विचारून लावावी. ही जागा त्याला कशी मिळाली ते कलम ५ मध्ये येईल.

कलम ४. तार. ही कुणाला देण्यासारखी वस्तू नाही, पण जिला सांभाळायची आहे तिला माहिती हवी.

यांना जे बोलायचं होतं त्यासाठी सरळ वीस मीटर तार लागते. आमची गॅलरी सहा मीटर. खुल्या मैदानात बंगला असलेल्या माणसाला यात काही वाटणार नाही. यांनी प्लास्टिकच्या पाइपाच्या तुकड्यावर तांब्याच्या तारेचे वेढे गुंडाळले, ते वेटोळं मध्ये बसवलं, म्हणजे थोडक्या तारेत भागतं. एक टोक गॅलरीच्या गजांवरून खाली वळवलं, दुसरं पावसाळी पाइपाच्या कडेने वर गच्चीत पाण्याच्या टाकीपर्यंत नेलं. इमारतीच्या नियमात तारा लावायला बंदी होती, कपडे वाळत घालायला नव्हती. म्हणून तार दोरीच्या वर वीतभर अंतरावर ठेवली. केसासारखी बारीक, कोणाला दिसायची नाही.

फक्त एक झालं. ज्या दिवशी यांनी वेढे मोजून तार जुळवली, त्या दिवशी दोरीवर माझ्या चार ओल्या चादरी होत्या. ओलं कापड तारेजवळ असलं की तारेचं गणित बदलतं. दुसऱ्या दिवशी दोरी रिकामी, तर यंत्रावरची सुई भलतीकडे. हे म्हणाले, "टाक गं परत चादरी." टाकल्या. सुई जागेवर आली. तेव्हापासून एकोणीस वर्षं मी रोज सकाळी चार चादरी भिजवल्या. चादरी वाळायला लागल्या की गप्पा आवरायच्या. बंदरवाले मला अजून "चादरवाल्या वहिनी" म्हणतात. थंडीत माझी बोटं फुटायची. हे म्हणायचे, "लाइनमनला थंडी वाजून कसं चालेल?" आणि मी हसायची. मला वाटायचं, विज्ञानच तसं आहे.

हे गेल्यावर मी यांच्या वह्या वाचल्या, पुस्तकं वाचली, दुसऱ्या खेपेला परीक्षा पास झाले. एका वहीत, पहिल्याच महिन्यातल्या पानावर यांचं अक्षर आहे: "चादरी ओल्या असताना जुळवली. तीन वेढे वाढवले तर चादरी लागणार नाहीत. बघू."

एकोणीस वर्षं बघू. मी ते तीन वेढे एका दुपारी वाढवले. चहा निवायच्या आत झाले. आता दोरी रिकामी असली तरी चालतं. सुनेने चादरी भिजवू नयेत.

कलम ५. मुलाबद्दल.

यांचं कमरेखालचं अंग लुळं पडलं त्याला आठ महिने झाले होते. पलंग रेडिओशेजारी आणला होता. दिवसातली ती अर्धीपाऊण घडी सोडली तर हे भिंतीकडे बघत असायचे. वर लिहिलेल्या त्या मंगळवारी बंदरवाले म्हणाले, "उद्या माझं ऑपरेशन आहे. शुक्रवारी सातला हजर. नर्सला लाच देईन पण येईन." छोटा रेडिओ ते दवाखान्यात नेणार होते.

त्याच मंगळवारी अकरा वाजता मी औषधं आणायला गेले. तेवढ्या वेळात मुलाने वायरमन आणून गच्चीत, टाकीमागे तार कापून घेतली. गॅलरीतली तार मुद्दाम तशीच ठेवली, म्हणजे आम्हाला कळू नये.

शुक्रवारी सातला हाक मारली. नुसती खरखर. सुई भलतीकडे. आणि सुई भलतीकडे गेली की चूक चादरींची, हे आमच्या घरात एकोणीस वर्षं ठरलेलं.

"पिळल्यास का चादरी?"

"नाही हो. टपटपतंय बघा."

"मग फार ओल्या केल्यास. थोड्या पीळ."

पिळल्या. जागा बदलल्या. तीन टाकल्या, पाच टाकल्या, शेजारणीची मागून आणून सहावी टाकली. अकरा दिवस मी चादरी हलवल्या. हे पलंगावरून ओरडायचे, "इतक्या वर्षांत एवढं साधं काम जमेना तुला?" आठव्या दिवशी ओरडणं बंद झालं. म्हणाले, "चादरींचं नाही ते. तो टेबलावरच गेला असणार."

मी म्हटलं, "त्यांनी पूर्वी पाठवलेल्या कार्डावर पत्ता आहे. पत्र टाकू का?"

"मेलेल्या माणसाला पत्र टाकतेस?"

मी टाकलं नाही. वर गच्चीत चढून बघितलंही नाही. गुडघ्यांचं निमित्त होतं. या दोन्ही गोष्टी मी मुलाच्या नव्हे, माझ्या खात्यावर मांडते. अकराव्या दिवशी हे गेले. माझ्याशी शेवटचं बोलले ते चादरींबद्दल.

सहा दिवसांनी बंदरवाल्यांचं कार्ड आलं. "ऑपरेशन ठीक. शुक्रवारपासून रोज सातला हाक मारतो. तुमचा आवाज नाही. माझं काही चुकलं का? रागावलात का?" मी ते सुनेला वाचून दाखवलं. ती भिंतीला टेकून खाली बसली आणि म्हणाली, "आई, टाकीमागे जाऊन बघा."

संध्याकाळी मुलाला बोलावलं.

"आई, मी काय वाईटासाठी केलं? बाबांना त्या यंत्राचा त्रास होत होता."

"कोण म्हणालं?"

"दिसत होतं ना."

"महिन्यातून दोनदा येणाऱ्याला बरं दिसलं."

मग खरं बाहेर आलं. इमारतीच्या सेक्रेटरींच्या टीव्हीत खरखर यायची, ती आमच्या तारेमुळे असं त्यांचं म्हणणं. ते म्हणाले होते, "नोटीस काढू, का घरातल्या घरात मिटवता? मिटवलंत तर गाडीच्या जागेचं मी बघतो."

"अगं, एक तार तर होती," मुलगा म्हणाला.

"हो," मी म्हटलं. "एकच होती."

तो अजून म्हणतो की आई राईचा पर्वत करते. त्याने माफी मागितलेली नाही. घर विकून माझ्याकडे राहायला ये, असं मात्र सात वेळा म्हणाला.

त्याला मी चारही चादरी देते. कोरड्या आहेत.

कलम ६. इमारतीचे सेक्रेटरी यांना मी ट्यूबलाइटचा एक नवा चोक देते. तो शिवणाच्या डब्यात आहे. परवाना मिळाल्यावर मी छोटा रेडिओ घेऊन जिना चढले-उतरले आणि खरखर कुठून येते ते शोधलं. ती त्यांच्याच दारावरच्या ट्यूबलाइटमधून येते. तार कापल्यावरही त्यांचा टीव्ही खरखरतच होता, हे त्यांनी कोणाला सांगितलं नाही.

कलम ७. शिवणाचं मशीन आणि दोन्ही कात्र्या काजे करायला येणाऱ्या बाईंना. मोठी कात्री कागदाला लावू नये. बँकेत जे असेल ते सुनेच्या नावे, विजेचं बिल आधी भरावं. पुस्तकं वाचनालयाला. यांच्या वह्या सुनेला, "बघू" लिहिलेल्या पानासकट. ते पान फाडायचं मनात आलं होतं, पण फाडलं नाही. यांच्यावर माझा राग आहे आणि तो तसाच राहू द्यावा. तो कमी झाला तर माझ्याकडे यांचं फारसं काही उरणार नाही.

कलम ८. या मृत्युपत्राची अंमलबजावणी वकिलांनी करावी. साक्षीदार म्हणून माझे डॉक्टर आणि समोरच्या घरातल्या शिक्षिका हजर आहेत. दोघांनी सगळं वाचलं. शिक्षिका म्हणाल्या, "मावशी, चादरींचं वाक्य काढा हो, लेकाला लागेल." मी म्हटलं, "तेवढ्यासाठीच लिहिलंय."

सहीआधी एक गोष्ट कबूल करायची राहिली आहे. ती गुन्ह्यात मोडते आणि वकिलांनी लिहू नका म्हटलं आहे. मुलगा निघून गेल्यावर त्या संध्याकाळी मी कठड्याला धरून गच्चीत गेले आणि तारेचं कापलेलं टोक बघितलं. दुसऱ्या दिवशी पहाटे कात्रीने दोन्ही टोकं खरवडली, पीळ देऊन जोडली, वर चिकटपट्टी गुंडाळली. खाली येऊन चादरी भिजवल्या. सातला रेडिओसमोर बसून, माझ्याकडे परवाना नसताना, यांच्या नावाने हाक मारली, आणि बंदरवाल्यांना सांगितलं की हे गेले, आणि हे रागावले नव्हते.

ठिकाण: राहतं घर, पुढची खोली
दिनांक: नऊ फेब्रुवारी, सकाळी सव्वाआठ
सही: (लिहून देणार)
साक्षीदार: १. डॉक्टर (सही) २. समोरच्या शिक्षिका (सही)