निळा लिव्हर

उस्ताद, तुम्हाला जाऊन आता इतकी वर्षं झाली की तुमचा आवाज आठवायला मला डोळे मिटावे लागतात. चार दिवसांपासून वही घेऊन बसतोय. दोन ओळी लिहितो, उठतो, गॅसचं बटन बंद आहे का ते बघून येतो. सून म्हणते, मामा, आत्ताच तर बघितलं तुमी. मी सातवी शिकलेला माणूस, लिहिण्यात चुकेन. पण तुम्हीच म्हणायचात, काम क्रमानं केलं की चुकत नाही. म्हणून मुख्य गोष्ट आधी लिहून टाकतो. तुमच्या घरचे सगळे समजतात की त्या दिवशी मी पॅसेंजर मुद्दाम सिग्नलला धरून ठेवली आणि वैनींचा आणि तुमच्या लेकीचा जीव वाचला. मी गाडी धरून ठेवली नव्हती.

पूर्णेच्या अलीकडचं आपलं केबिन मला अजून जसंच्या तसं दिसतं. निझामाच्या काळात बांधलेलं. खाली काळा दगड, वर सागवान आणि तिन्ही बाजूंनी काचा. तुमचे वडील तिथल्या सिग्नलच्या दिव्यांत तेल घालायचे, त्यामुळं तुम्ही त्या इमारतीबद्दल बोलायचात ते घरातल्या थोरल्या माणसाबद्दल बोलल्यासारखं. वर चौदा लिव्हर एका रांगेत उभे. सिग्नलचे लाल, रुळांचे सांधे बदलायचे काळे, आणि बदललेला सांधा जागेवर जखडून ठेवायचे निळे. वर लिव्हर ओढला की खालच्या खोलीत लोखंडी पट्ट्या सरकायच्या आणि एकमेकींच्या खाचांत जाऊन बसायच्या. आधी काळा, मग निळा, मग लाल. मधला एक राहिला तर खालच्या पट्ट्या लालला हलूच द्यायच्या नाहीत, मग वर भीम असो की मी. त्या खोलीला कुलूप आणि कुलपाला सील असायचं. साहेबाशिवाय कोणी आत जायचं नाही.

लिव्हरला उघडा हात लावायचा नाही, घामानं गंज चढतो, म्हणून हातात फडकं धरायचं. मी पहिल्या दिवशी घरून माझं वेगळं फडकं घेऊन आलो. आईनं दिलं होतं. का दिलं होतं ते मला माहीत होतं आणि तुम्हालाही कळलं. तुमच्या फडक्याच्या खिळ्यालाच तुम्ही ते अडकवलंत. महिनाभरात दोन्ही तेलानं इतकी काळी झाली की कोणतं कोणाचं ते मलाच ओळखू येईना. घंटा वाजली की मी घाबरून लिव्हरला लोंबकळायचो. तुम्ही खुर्चीतून न उठता म्हणायचात, "अरे, लिव्हर हाय त्ये, बैलाचं शेपूट न्हाई. पिरगाळायलास कशाला?" मग मालगाडीचा गार्ड आला की त्यालाही ते सांगायचात, आणि तो गार्ड पुढं नांदेडपर्यंत सांगत जायचा.

मग विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला. गावोगाव तुमच्या लोकांच्या वस्त्या जळायला लागल्या, गाड्या अडवायला लागल्या. आपल्या बदलीची माणसं आलीच नाहीत. दोन दिवस आपण दोघं त्या काचेत अडकून होतो. चारी बाजूंनी सगळं दिसत होतं आणि आपणही सगळ्यांना दिसत होतो. वैनी लेकीला घेऊन वालूरला माहेरी गेल्या होत्या. त्या तिथंच आहेत की निघाल्या, कळायला काही मार्ग नव्हता. तुम्ही सारखे परभणीकडच्या रुळांकडं बघत होता. दुसऱ्या दिवशी दुपारी शेतातून माणसं येताना दिसली तेव्हा तुम्ही जिना उतरलात, स्वतःच्या हातानं सील तोडलंत, खालच्या खोलीत शिरलात आणि मला बाहेरून कुलूप लावायला सांगितलंत. दार बंद होताना म्हणालात, "वर एकटा हायस. क्रम सोडू नगंस."

जमावात माझ्या गावचे दोघं होते. त्यांनी खालूनच विचारलं, "तुझा उस्ताद कुठाय?" मी म्हणालो, ड्युटी संपली, गेले. एकजण हसला. "नीट बस पाव्हण्या. काचंच्या पेटीत बसवलंय तुला, फुटशील." मग ते प्लॅटफॉर्मकडं गेले. तेवढ्यात फोन आला, पॅसेंजर येतेय, आत घे.

मी काळा ओढला. मग लालला हात घातला. तो हलेना. सगळा भार टाकला. हिसका दिला, खाली धाडकन आवाज झाला, लिव्हर तिथल्या तिथं. पुन्हा दिला. पुन्हा. गाडी सिग्नलपाशी येऊन उभी राहिली आणि शिट्ट्या मारू लागली. प्लॅटफॉर्मवरचे लोक केबिनकडं वळून बघायला लागले. मला वाटलं, आता हे वर येणार आणि मला विचारणार की गाडी का अडवलीस. मी रडत लिव्हर ओढतोय, उस्ताद. गाडीत कोण आहे हा विचार माझ्या डोक्यात आलाच नाही. ती लवकर आत जावी आणि माझ्यामागची कटकट संपावी, एवढंच. किती वेळ गेला कोण जाणे. मग निळ्याकडं लक्ष गेलं. तो उभाच होता. मी तो ओढलाच नव्हता.

निळा ओढला, लाल लोण्यासारखा आला, गाडी आत गेली. त्याच वेळी जिन्यावर पावलं वाजली. मी झेंड्याची काठी घेऊन दाराआड उभा राहिलो. बाहेरून आवाज आला, "भाऊ, आमीच हाव." गाडी सिग्नलला उभी राहिली तेव्हा वैनींनी केबिन ओळखलं होतं आणि पलीकडच्या बाजूनं लेकीला घेऊन खडीवर उतरल्या होत्या. प्लॅटफॉर्मवर जमावातले लोक डब्याडब्यांत शिरून नावं विचारत होते, आणि त्यांच्याच डब्यातल्या एका म्हाताऱ्याचा हात मोडला, हे आपल्याला संध्याकाळी कळलं. मी कुलूप काढलं. तुम्ही बाहेर आलात, लेकीकडं बघितलंत आणि माझ्या खांद्यावर हात ठेवलात. मी खाली बघत राहिलो. तेव्हाच बोलायला हवं होतं.

गाडी का थांबली याची चौकशी झाली. तुम्ही लिहून दिलंत की जीव वाचवायला तुम्ही सील तोडून खाली बसलात, तुमचा पाय निळ्याच्या पट्टीत अडकला आणि लॉक बसलं नाही. साहेबानं मला विचारलं, असंच झालं का. मी मान हलवली. मला वाटलं, तुम्हाला तसंच वाटत असेल. सील तोडल्याबद्दल तुम्हाला केबिनमधून काढलं आणि रूळ दुरुस्तीच्या गँगमध्ये टाकलं. पन्नाशीचा माणूस भर उन्हात खडी ओढतोय आणि मी वर सावलीत उभा राहून तुमच्या जागेवरून सिग्नल देतोय. तुम्ही मान वर करून हात करायचात. दोन उन्हाळे काढलेत, तिसऱ्यात गेलात. आणि वैनींना मात्र तुम्ही सांगून ठेवलं होतं की पोरानं आपल्यासाठी गाडी धरली. साहेबाला एक सांगितलंत, घरी दुसरं. दोन्हीकडं मी सुटलो, आणि तेव्हापासून मी काही सुटलेलो नाही.

पुढं मीटरगेज जाऊन मोठी लाइन आली. केबिनचं काम संपलं, लिव्हर गॅसनं कापून वॅगनमध्ये भरले. त्या दिवशी खालच्या खोलीचं दार सताड उघडं होतं. मी पहिल्यांदाच आत गेलो. माणूस गुडघे पोटाशी घेऊन बसेल एवढीच जागा. मी तिथं बसून बघितलं. निळ्याची पट्टी डोळ्यांसमोर वीतभरावर, आणि तिच्याजवळ पाय पोचतच नाही. तिथं बसलेल्या माणसाला तीन हिसके ऐकू येणारच. त्याला दिसणारच की पट्टी हललेली नाही आणि वरचा मूर्ख लाललाच लोंबकळतोय. म्हणजे तुम्हाला सगळं माहीत होतं. खांद्यावर हात ठेवलात तेव्हाही माहीत होतं. मी त्या खोलीत किती वेळ बसलो असेन, शेवटी गॅसवाल्यानं हाक मारली, काका, निघा, छत पाडायचंय.

नामांतर झालं तेव्हा वैनी पेढे घेऊन घरी आल्या. सोबत लेक होती, तिची पोरं होती. पोरांना म्हणाल्या, पाया पडा, यांच्यामुळं तुमची आई हाय. मी ठरवलं होतं की या वेळी सांगायचंच. तोंड उघडलं आणि म्हणालो, "वैनी, मी वरूनच डब्याच्या खिडकीत तुमाला वळखलं होतं." त्या डोळे पुसत म्हणाल्या, "हे बी तेच म्हणायचे." केबिनमधून तर डब्यांचे नुसते टप दिसायचे. तुम्हाला ते माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं.

वैनी गेल्या वर्षी गेल्या. परवा लेकीचा फोन आला. तिच्या मुलाचं लग्न आहे, मामा तुमी या, माइकवरून चार शब्द सांगा, आजकालच्या पोरांना कळू द्या. मी छातीत दुखतंय म्हणणार होतो. येतो म्हणालो. हे पत्र तिला वाचायला द्यावं असं एकदा मनात आलं, म्हणून ते ट्रंकेत तळाशी घालणार आहे आणि किल्ली आत्ताच तीनदा तपासलीय. खरं सांगू का उस्ताद, तिथं सगळे उठून उभे राहतात, ते मला आवडतं. पांढरा सदरा कालच इस्त्रीला दिलाय.